स्कोप नंतर, आधी रेंज शोधा

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून नागपुरात नेमबाजीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ‘लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यावर स्कोप कोणता बसवावा?’ विचारणाऱ्याने बहुधा अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. हजार यार्डांवरची लोखंडी पाटी, दोन पायांवर टेकवलेली रायफल आणि तिच्यावर हातभर लांब दुर्बीण.

प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या देशाचा आहे. कुसाळेच्या रायफलवर स्कोप नव्हता. ऑलिंपिकच्या एअर रायफल आणि थ्री पोझिशन या दोन्ही स्पर्धांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे गोल कडे, एवढ्यावर सगळा खेळ असतो. आणि हजार यार्डांची रायफल आपल्याकडे घेऊन ती चालवणार कुठे? म्हणून खिशात हात घालण्याआधी पुढचे वाचा.

आधी अंतर ठरवा

नागपूरच्या नागरिकासमोर प्रत्यक्षात तीन पर्याय आहेत.

- १० मीटर, एअर रायफल. ४.५ मिमीचा छर्रा, परवाना नाही, घरातही सराव होतो. निशाणाचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. ‘दहाच मीटर?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा उभ्याने दहा छर्रे मारून बघावेत.
- ५० मीटर, .२२ रायफल. परवाना आणि क्लबचे सदस्यत्व लागते. दहाचे वर्तुळ १०.४ मिमी. वारा, ऊन आणि गोळीचा लॉट यांचा परिणाम इथे खरोखर दिसू लागतो. आपल्याकडच्या बहुतेक नागरी नेमबाजांसाठी ‘लांब पल्ला’ म्हणजे हाच.
- ३०० मीटर, मोठ्या बोअरची रायफल. दहाचे वर्तुळ १०० मिमी. ही स्पर्धा आहे, पण तिचे घर सैन्यात आहे. मध्य प्रदेशातल्या महूला सेनेचे मार्क्समनशिप युनिट आहे आणि या प्रकारातले बहुतेक नेमबाज सेनादलांचेच. नागरिकाने इथून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

माझे मत स्पष्ट आहे. वय बारा असो वा बेचाळीस, सुरुवात १० मीटरवर करा आणि वर्षभराने ५० मीटरचा विचार करा. म्युनिकमध्ये २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत घ्या, नाहीतर कैरोत २०२२ साली एअर रायफलचे जागतिक सुवर्ण घेणारा ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील घ्या. दोघांचाही पाया उभे राहणे, श्वास आणि ट्रिगर यांवर आहे. ते दहा मीटरवर स्वस्तात शिकता येते.

कोणत्या रायफलला परवाना लागतो?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो.

- ४.५ मिमी (.१७७) बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल: परवाना नको. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन नोंद करतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही.
- .२२ बोअरची एअरगन (५.५ मिमी) किंवा २० ज्यूलच्या वरची: परवाना लागतो. ‘एअरगन आहे, काही होत नाही’ असे सांगणारा विक्रेता तुमच्या वतीने पोलीस ठाण्यात येणार नाही.
- .२२ ची काडतुसाची रायफल: शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना अनिवार्य.
- .३०३, ७.६२ मिमी आणि सैन्याची काडतुसे बसतील असे कोणतेही बोअर, तसेच सायलेन्सर: प्रतिबंधित. व्हिडिओतल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या रायफली या प्रतिबंधात नाहीतर आयातीच्या आडकाठीत अडकतात.
- .३१५ आणि .३०-०६: आयुध निर्माणीच्या रायफली आहेत आणि परवान्यावर मिळतात. पण त्या स्वसंरक्षणासाठी किंवा शेतीराखणीसाठी घेतल्या जातात. काडतूस महाग, धक्का मोठा आणि सराव करायला रेंज मिळत नाही. टार्गेटसाठी पहिली रायफल म्हणून घेऊ नका.

विदर्भात आणखी एक प्रश्न ठरलेला असतो: ‘आजोबांची बारा बोअर घरात आहे, तिच्यावर स्कोप बसवू का?’ बारा बोअरच्या नळीत आटे नसतात, गोळी फिरत जात नाही. तिच्यावर कितीही चांगली काच बसवली तरी निशाण तेवढेच मोठे राहते.

दुकानात जाण्याआधी क्लबमध्ये जा

भारतात नेमबाजीची शिखर संस्था नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एनआरएआय. ती १९५१ ची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेची पायरी समजली जाणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने होते. राज्यात महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. तिची वरळीची रेंज आणि पुण्यातले बालेवाडी ही दोन नावे राज्य पातळीवर तुमच्या कानावर वारंवार येतील.

नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. संलग्न क्लबची नावे तिथे विचारायची. क्लबमध्ये गेल्यावर हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या:

- क्लब राज्य संघटनेशी संलग्न आहे का, आणि कुणामार्फत स्पर्धेत उतरता येते?
- क्लबच्या रायफलवर सराव मिळतो का? तासाचे किती, छर्रे कुणाचे?
- एअर सिलिंडर भरायला कॉम्प्रेसर आहे का?
- ५० मीटरची सोय कुठे आहे, आणि नसेल तर क्लबची मुले कुठे जातात?
- प्रशिक्षक रोज असतो की फक्त रविवारी?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. भिंतीवर ट्रॉफ्यांची रांग आणि रेंजवर मात्र कुणीच नाही, असे ठिकाण दिसले तर फी भरू नका.

मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर एनसीसीचा रस्ता विसरू नका. .२२ रायफल हातात येण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. नेमबाज अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतूनच या खेळात आली. शाळकरी मुलांसाठी शालेय क्रीडा स्पर्धा आहेत. त्यांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. पाल्य कोणत्या गटात उतरणार हे ठरल्याशिवाय रायफल घेतली तर चुकीच्या साइटची रायफल घरात येते. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांवर डोळा असेल तर शाळेकडून प्रवेशिका वेळेत गेली ना, एवढे पाहा.

पहिली एअर रायफल कशी निवडाल?

तीन पातळ्या आहेत. पहिली, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल, काही हजारांत मिळणारी. स्प्रिंग सुटताना ती आधी मागे आणि मग पुढे झटका देते, त्यामुळे छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हललेली असते. शिकायला चालेल, पण तिच्यावर पडलेल्या सवयी पुढे मोडाव्या लागतात. दुसरी, सिलिंडरमध्ये दाबलेली हवा वापरणारी, म्हणजे पीसीपी. महाराष्ट्रातल्याच प्रिसिहोलसारख्या देशी उत्पादकांच्या रायफली या टप्प्यावर बघण्यासारख्या आहेत. तिसरी, परदेशी मॅच रायफल: फाइनवर्कबाऊ, वाल्थर, श्टायर, आन्शुत्झ. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढची तयारी ठेवा. तिसरी पातळी पहिल्या वर्षात घेऊ नका. क्लबची वापरा.

नावापेक्षा माप महत्त्वाचे. रायफल हातात घ्या, डोळे मिटा, खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. साइट आपोआप डोळ्यासमोर आली पाहिजे. मान वाकवून ती शोधावी लागत असेल तर चीक पीस किंवा बट प्लेट सरकवून बघा. ती सरकतच नसेल तर रायफल परत ठेवा. एअर रायफलच्या वजनाची मर्यादा ५.५ किलो आहे, पण बारा वर्षांच्या मुलीने ती मर्यादा गाठायची गरज नाही. तिच्यासाठी हलकी, दस्ता आखूड करता येणारी रायफल पाहा. डावखुऱ्यांनी डावी रायफलच मागावी, ‘सवय होते हो’ यावर जाऊ नये.

जुनी रायफल घेताना

मॅच रायफली टिकतात, म्हणून जुनी घेणे शहाणपणाचे. फक्त हे तपासा:

- सिलिंडरवरची तारीख. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. स्पर्धेच्या उपकरण तपासणीत मुदत संपलेला सिलिंडर नेमबाजाच्या गळ्यात पडतो. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा.
- गळती. सिलिंडर भरा, काट्याचा फोटो काढा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा. मालक एवढे थांबायला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.
- टेकवून पाच छर्रे. दहा मीटरवर रायफल टेकवून मारलेले पाच छर्रे एकाच भोकात गेले पाहिजेत. दोन-तीन वेगळ्या डब्यांतले छर्रे वापरा. नळीला सगळेच छर्रे मानवत नाहीत, ४.४९ आणि ४.५० मिमी एवढ्या फरकानेही गट बदलतो.
- बिल आणि क्रमांक. रायफलवरचा क्रमांक बिलाशी जुळवा.

सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा भरायची. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीच नाही, त्याने स्फोट होतो. हातपंपाने २०० बारपर्यंत भरता येते, पण नागपूरच्या मे महिन्यात तो व्यायाम स्वतःच करून बघा. आणि भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

जॅकेट, पँट, बूट आणि हातमोजा लगेच घेऊ नका. वाढत्या वयाच्या मुलाचे जॅकेट दुसऱ्या हंगामात आखूड होते आणि सैल जॅकेट काहीच आधार देत नाही. क्लबमधले मोठे झालेले खेळाडू आपली जॅकेटे विकत असतात, तिकडे विचारा.

तरीही स्कोप हवाच असेल तर

स्पर्धा नको, फार्महाऊसवर मातीचा बांध मागे ठेवून सुरक्षितपणे कागदावर मारायचे आहे, असे म्हणणारेही वाचक आहेत. हरकत नाही. विनापरवाना एअर रायफलवर पल्ला २५ ते ५० मीटरच धरा आणि स्कोप घेताना या गोष्टी बघा:

1. पॅरॅलॅक्स जवळ आणता येतो का? मोठ्या रायफलींसाठीचे स्वस्त स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. दहा-पंधरा मीटरवर डोळा जरा हलला की त्यांतला क्रॉस निशाणावरून सरकतो. पुढच्या रिंगवर अंतर बदलता येणारा, दहा यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप घ्या.
2. स्प्रिंगचा झटका सोसणारा आहे का? स्प्रिंग रायफलचा उलटसुलट झटका चांगल्या स्कोपलाही मोडतो. खोक्यावर तो एअरगनसाठी असल्याचे लिहिलेले हवे.
3. माउंट बसते का? एअर रायफलवर बहुधा ११ मिमीची खाच असते आणि पिकाटिनी रेल २१ मिमीची. इंटरनेटवरून मागवलेले निम्मे माउंट इथेच परत जातात. स्प्रिंग रायफलसाठी एकसंध, अडकवणी असलेले माउंट घ्या, नाहीतर स्कोप मागे सरकत राहतो.
4. मोठा आकडा नको. ३-९×४० पुरे. जास्त मोठे दिसले की हाताची थरथरही मोठी दिसते, आणि नवखा माणूस ट्रिगर दाबायचे सोडून क्रॉस स्थिर व्हायची वाट बघत बसतो.

क्लिकचे गणित एवढेच लक्षात ठेवा: ‘पाव एमओए’ लिहिलेल्या स्कोपची एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमी, ५० वर साडेतीन, १० वर पाऊण मिमीसुद्धा नाही. दहा मीटरवर दोन-चार क्लिक फिरवून ‘काहीच होत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचे स्कोप बहुधा ठीक असतात.

परवान्याच्या .२२ रायफलवर रेंजची परवानगी घेऊन स्कोप लावता येतो. पण ५० मीटरवर जुळवलेली साधी .२२ ची गोळी १०० मीटरवर पंधरा-वीस सेंटीमीटर खाली जाते. लांब पल्ला शिकण्यासाठी .२२ चे शंभर मीटर भरपूर अवघड आहेत.

.२२ चा परवाना: पायऱ्या आणि तुमचे हक्क

नागपूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. क्रम असा:

1. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्यत्व आणि सरावाची नोंद.
2. शस्त्र हाताळणी व सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र.
3. शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळख आणि पत्त्याचे पुरावे.
4. ऑनलाइन अर्ज आणि त्याची पोच. परवान्यावर तुमचा विशिष्ट ओळख क्रमांक, यूआयएन, असतो.
5. पोलीस पडताळणी. शस्त्र नियम २०१६ नुसार अहवाल ३० दिवसांत जायला हवा, आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय.

परवान्याचे वय २१. मात्र बारा वर्षांवरील मुलांना प्रशिक्षणासाठी शस्त्र वापरण्याची सवलत कायद्यात आहे, आणि २०१६ च्या नियमांत ज्युनिअर टार्गेट शूटरचा स्वतंत्र विचार केलेला आहे. त्यासाठी राज्य संघटनेचे पत्र लागते, ते क्लबमार्फतच मिळवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि सामान्य माणसाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

खिडकीवर ‘नेमबाजीसाठी परवाना देत नाही’ असे उत्तर मिळाले तर वाद घालू नका, कलमे लिहून द्या. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३(३) नुसार मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट सरावासाठी .२२ रायफलचा परवाना द्यायचा असतो. प्राधिकाऱ्याला नाकारायचा झाला तर कलम १४ मधले कारण लागते. त्याच कलमानुसार पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर, तुम्हाला द्यावी लागतात. कलम १८ खाली अपील आहे. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्जाची पोच हातात असू द्या.

जुनी .२२ रायफल दुसऱ्या परवानाधारकाकडून घेताना विकणाऱ्याने पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आधी लेखी कळवावे लागते आणि ४५ दिवस थांबावे लागते. नामवंत नेमबाजाने आयात केलेल्या रायफलीवर विक्रीच्या वेगळ्या अटी असू शकतात. आयातीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर स्पर्धेचे पत्र जोडून सवलतीचा लेखी अर्ज लगेच करा.

नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवायचे

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आपल्या उंबरठ्यावर आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. आधीचे परवानाधारकही त्यांच्याकडे नोंदणी करायला बांधील आहेत. त्यांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. पारशिवनी किंवा उमरेडच्या शेतघराचा पत्ता अर्जात देणार असाल तर आधी अंतर मोजा, नाहीतर अर्ज का अडकला ते वर्षभर कळत नाही.

अभयारण्यात परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र नेता येत नाही. सफारीला जाताना गाडीत विसरलेली एअर रायफलही महागात पडेल. गच्चीवरची वानरे, शेतातले रोही, झाडावरचे पोपट यांच्यावर छर्रा मारणे हा गुन्हा आहे, आणि एअरगनला परवाना लागत नाही हा त्यावर बचाव नाही.

घरचा सराव

बैठकीपासून मागच्या दारापर्यंत दहा मीटर भरत असतील तर तुम्ही नशीबवान. पत्र्याची छर्रापेटी घ्या, मागे जाड लाकूड लावा, मधल्या खोल्यांची दारे आतून बंद असल्याची खात्री करा आणि सराव चालू असताना त्या वाटेने कुणी येणार नाही असे घरात सांगून ठेवा. निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. उन्हाळ्यात कूलर निशाणाच्या बाजूला नको. कागद फडफडतो आणि पोरगा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायला बसायचे नाही आणि छर्रे तोंडात धरायचे नाहीत.

दहा मीटर भरत नसतील तर भिंतीवर लहान केलेले निशाण लावा आणि छर्रा न भरता नुसता नेम धरून ट्रिगर दाबा. मॅच रायफलींना त्यासाठी वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंग रायफलवर मात्र रिकामा ट्रिगर दाबू नका, पिस्टन आपटून बिघडतो.